पाण्याची वेळ खालच्या कोपऱ्यात

तुमच्या विरोधातल्या माणसाने लिहिलेलं तुम्ही शेवटचं कधी वाचलंत? खोडून काढायला नव्हे, चुका शोधायला नव्हे, चार जणांना दाखवून हसायलाही नव्हे. नुसतं वाचायला. आठवत नसेल तर लाजू नका. मलाही आठवत नव्हतं, आणि मी तर स्वतःला मोठी वाचणारी समजत होते.

आमच्या कॉलनीत, नाशकात सातपूरच्या बाजूला, एक गृहस्थ होते. सरकारी कचेरीत ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने हुबेहूब उतरवणारा माणूस. तीस वर्षं ते दुसऱ्यांची धरणं आणि दुसऱ्यांचे कालवे गिरवत होते. रेघ इकडची तिकडे करायची नाही, स्वतःचं काही घालायचं नाही, हा त्या नोकरीचा नियम. निवृत्त झाले त्या दिवशी तीस वर्षांचं साठलेलं स्वतःचं मत एकदम बाहेर पडलं, आणि ते आमच्या अंगावर पडलं. सगळे त्यांना ट्रेसरकाका म्हणत.

काकांचं अक्षर मात्र असं की पाहत राहावं. प्रत्येक अक्षर फूटपट्टीवर बसवल्यासारखं. म्हणूनच कॉलनीच्या चौकात फळा लावायचं ठरलं तेव्हा लिहिणार कोण हा प्रश्नच आला नाही. पत्रा माझ्या बाबांनी आणला. ते कंपनीत लेथ मशीनवर होते. भंगारातला पत्रा रीतसर गेटपास करून सायकलवर बांधून आणला. काकांनी त्याला काळा रंग दिला आणि चारी बाजूंनी पिवळी बारीक चौकट आखली. दोघे त्या काळी दर रविवारी बरोबर मिसळ खायला जात.

फळ्यावर तीनच गोष्टी लिहायच्या, असं ठरलं होतं: पाणी, गॅस आणि मयत.

पाणी सर्वांत महत्त्वाचं. नळाला दिवसातून एकदा पाणी यायचं, आणि कधी यायचं ते टाकीवरून पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनलाच ठाऊक. काकू, म्हणजे ट्रेसरकाकांच्या बायको, पहाटे टाकीपाशी जाऊन त्याला विचारून यायच्या आणि काका ती वेळ मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहायचे. काकूंचं माहेर नांदगाव. "आमच्याकडे आठवड्याने पाणी यायचं," त्या सांगायच्या, "आणि वेळ चुकली की पुढचा आठवडा. पाणी चुकवणं म्हणजे काय ते तुम्हा नाशिकवाल्यांना कळायचं नाही."

मयताचंही एक होतं. कुणी गेलं तर कॉलनीत दारोदार निरोप द्यायचा नाही, अशी पद्धत. भल्या सकाळी कुणाच्या दारात अशी बातमी घेऊन उभं राहणं मोठ्यांना अभद्र वाटे. फळ्यावर पांढऱ्या खडूने नाव आणि निघण्याची वेळ लिहायची. दूध आणायला गेलेला माणूस वाचायचा, घरी येऊन सांगायचा, आणि वेळेवर दोन-अडीचशे माणूस गोळा व्हायचं. कुणाला बोलवावं लागत नसे. फळा बोलवायचा.

मग नव्वदच्या दशकात दिल्लीतली सरकारं पडायला लागली. एका सकाळी पाण्याच्या वेळेखाली एक ओळ जास्त दिसली. सरकार कुणी पाडलं आणि त्यांना लाज कशी नाही, अशा अर्थाची.

बाबा म्हणाले, "साहेब, हे चौथं कलम कधी मंजूर झालं?"

"एकच तर ओळ आहे," काका म्हणाले.

त्या एका ओळीचा महिन्याभरात परिच्छेद झाला. परिच्छेदाचे दोन रकाने झाले. पाण्याची वेळ वरून मधे आली, मधून खाली, आणि शेवटी खालच्या उजव्या कोपऱ्यात एका बारीक चौकोनात जाऊन बसली. काकूंनी तक्रार केली तेव्हा काकांनी समजावलं, "अगं, नकाशात खालचा उजवा कोपराच मानाचा असतो. नाव, प्रमाण, तारीख सगळं तिथंच असतं."

"मानाचा असेल," काकू म्हणाल्या, "पण वाचायला वाकावं लागतं. मला गुडघे आहेत."

काकांनी खडूचे रंगही वाटून दिले. ज्यांचं पटतं त्यांची कामगिरी पिवळ्या खडूने. ज्यांचं पटत नाही त्यांची पापं गुलाबी खडूने. गुलाबीच का, तर पेटीत तो खडू कुणी वापरत नाही म्हणून उरायचा. पण त्यामुळे झालं असं की कॉलनीतली माणसंच पिवळी आणि गुलाबी झाली. माझे बाबा युनियनचे, गेटवर सभा घेणारे, मिशा राखणारे, आणि पोरंटोरं त्यांना गुलाबी म्हणायला लागली. आईला हसू यायचं, बाबांना नाही.

माणूस कोणत्या रंगाचा हे ओळखायच्या काकांच्या स्वतःच्या खुणा होत्या. घरात शिरले की आधी फळीवर कोणतं वर्तमानपत्र अंथरलंय ते बघायचे. सत्यनारायणाला गेले तर प्रसादाचा द्रोण हातात घेऊन यजमानाला विचारायचे, "वॉर्डात यंदा कुणाचं काम करणार?" उत्तर पटलं नाही तर शिरा खायचे, पण तीर्थ घ्यायचे नाहीत. हा फरक कशासाठी, ते देवालाही कळलं नसावं. मिसळीत दही घालणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "मिसळीत दही घालणारा ऐन वेळी पक्ष बदलतो," असं ते म्हणायचे, आणि आमच्या नगरसेवकाच्या बाबतीत ते दोनदा खरं ठरल्यामुळे त्यांना कुणी खोडूही शकायचं नाही. तटस्थ माणूस तर त्यांना मुळीच चालायचा नाही. "तटस्थ म्हणजे कुंपणावर वाळत घातलेलं धोतर. वारा येईल तिकडे फडफडायचं."

एकदा समोरच्या गल्लीतल्या आजींचं दहावं होतं, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर. आजींचा मुलगा मुंडण करून, ओल्या पंचाने बसलेला. काका शेजारी जाऊन टेकले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आजींनी गेल्या वेळी मत कुणाला दिलं होतं रे?"

तो बिचारा म्हणाला, "काका, ती अंथरुणावरच होती."

"म्हणजे वाया गेलं," काका म्हणाले. आणि ते खरोखर हळहळले. त्यांना आजी गेल्याचं दुःख नव्हतं असं नाही. पण आजींचं मत गेल्याचं जास्त होतं.

माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी जे केलं ते आमच्या नातेवाइकांत अजून सांगतात. काकांना मंगलाष्टकं रचायचा नाद होता. शेजारधर्म म्हणून बाबांनी त्यांना एक म्हणू दिलं. हॉल भरलेला, अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. काकांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि माइकवर सुरू केलं:

"राहा एकजुटी, नको कधि तुटी, दिल्लीत होते जशी..."

लोक हसले. नवरदेवही हसला. काकांना वाटलं, दाद मिळाली.

"पाठिंबा जर काढला कधि कुणी, चालेल सत्ता कशी..."

इथपर्यंतही ठीक होतं. पण तिसरी ओळ बाबांच्या युनियनवर होती. "संपाने बुडवीत कामकरि जे" एवढं ऐकलं आणि बाबांच्या कंपनीतल्या लोकांनी मुठीतल्या अक्षता काकांच्या दिशेने फेकल्या. एकाने फेकल्या म्हणून दुसऱ्याने फेकल्या. मागच्यांना वाटलं लग्न लागलं, त्यांनीही फेकल्या. बँडवाल्याने वर बघितलं, अक्षता उडतायत, म्हणून वाजवायला घेतलं. भटजींनी गोंधळून अंतरपाट काढला आणि बहिणीने हार घातला.

माझ्या बहिणीचं लग्न मुहूर्ताच्या चार मिनिटं आधी लागलं. ती आता सिन्नरला असते. नवरा-बायकोत काही वाजलं की भावजी म्हणतात, "माझा दोष नाही. पत्रिकेतल्या वेळेवर लागलं असतं तर मी चांगला निघालो असतो."

त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत बाबा काकांसमोर उभे राहिले. काकू शेजारी ताट घेऊन बसलेल्या.

"साहेब, माझ्या पोरीच्या लग्नात?"

"मी तत्त्वाचं बोललो."

"तत्त्व तुमच्या फळ्यावर. माझ्या मांडवात नाही."

"मग तुमच्या मांडवात खोटं ऐकायचं का मी?"

"काय खोटं? नांदा म्हणायचं आणि बसायचं. त्यात काय खोटं?"

काकूंनी काकांचा सदरा मागून ओढला. "बसा हो. भात निवतोय." काका बसले, पण बाबा त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत. रविवारची मिसळ बंद झाली.

आता माझं सांगते. मी पत्रकांवर वाढले. शाळेच्या पुस्तकांच्या आधी घरात गेटवर वाटलेली पत्रकं आली. 'च' मी 'चक्का जाम'मधून शिकले. आई डब्यांखाली पत्रकं अंथरायची, त्यामुळे हरभऱ्याच्या डाळीचा डबा उचलला की खाली भांडवलशाहीचा निषेध असायचा. मी कॉलेजात होते, रक्त गरम होतं, आणि बाबांचा अपमान झाला होता. मी रस्त्याच्या पलीकडे, पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर, दुसरा फळा लावला. प्लायवुडचा. गुलाबी म्हणता ना, मग घ्या गुलाबी, म्हणून पूर्ण फळा गुलाबी खडूने लिहायचा. वर नाव दिलं 'जागता फळा'.

काका पहिल्या दिवशी रस्ता ओलांडून आले, कमरेवर हात ठेवून सगळा वाचला आणि म्हणाले, "कॉम्रेडबाई, ओळी तिरक्या जातायत. आधी दोरा धरून आखून घ्या."

मी म्हटलं, "ओळ सरळ असून मजकूर वाकडा असण्यापेक्षा बरं."

ते खूश होऊन परत गेले. त्यांना शत्रू मिळाला होता आणि मलाही. तेव्हापासून रोज सकाळी सातला दोन बाजूंना दोघं लिहायचो. त्यांनी आरोप करायचा, मी दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं. त्यासाठी सुरुवातीला त्यांचा फळा वाचावा लागायचा. पुढे तेही सोडलं. ते काय लिहिणार हे मला माहीतच असायचं. मी शपथच घेतली की तो फळा वाचणार नाही. तोंड फिरवून जायचं. गुलाबी लोक माझ्यामुळे तिकडे बघेनासे झाले. आणि पिवळे लोक तर त्यांचा फळा कधीच वाचत नव्हते. काय लिहिलं असेल ते त्यांना आधीच पटलेलं होतं.

काकू एकदा माझ्यापाशी आल्या. पाय सुजलेले, साखरेचा त्रास. "तुझ्या फळ्यावर तरी लिही गं पाण्याची वेळ."

"त्या फळ्यावर असते ना, काकू?"

"तो कोण वाचतं आता?"

"मग वाचायला सांगा की."

खरं सांगायचं तर पाण्याची वेळ लिहिणं मला फार घरगुती वाटलं. माझ्या फळ्यावर जगातल्या साम्राज्यांची चर्चा चालायची. तिथे 'पाणी दुपारी साडेतीन' कसं लिहायचं? "तुमचं दोघांचं सारखंच आहे," काकू म्हणाल्या आणि गेल्या. मला तो अपमान वाटला. आज वाटतं, त्यांनी सौम्य शब्दांत सांगितलं.

एवढ्यात इंटरनेट आलं. कॉलनीतली पोरं पुण्या-बंगलोरला आणि काही अमेरिकेला गेली होती, त्यांनी ई-मेलचा गट काढला. काकांचा मुलगाही अमेरिकेतच. पहिले दोन महिने गटात गणपतीचे फोटो आणि थालीपिठाची कृती. मग काका सायबर कॅफेत जायला लागले. ते एका बोटाने, इंग्रजीच्या कॅपिटल अक्षरांत मराठी टंकायचे. इतकं देखणं अक्षर असलेला माणूस, आणि पडद्यावर त्यांचं लिखाण म्हणजे एखादा लांबून ओरडतोय असं दिसायचं. कुणाला मुलगी झाली, अशी मेल आली की काकांचं उत्तर: अभिनंदन, पण हिच्या वाट्याला हा देश कसा येणार याचा विचार केलात का? खाली चार परिच्छेद. मी त्याला पाच परिच्छेदांत उत्तर द्यायची. मुलीचं नाव काय ठेवलं, हे गटात कुणालाच कळलं नाही.

एकदा काकांच्या मुलाने लिहिलं, "बाबा, आईची तब्येत कशी आहे ते कळवा." काकांनी उत्तर पाठवलं. त्यात आईवर एक ओळ होती आणि सरकारी आरोग्य धोरणावर अठ्ठावीस.

हे सगळं चालू असताना काकू रोज सकाळी आमच्या मागच्या दाराने यायच्या, आईशी दोन शब्द बोलायच्या आणि पुढच्या घरी जायच्या. मला वाटायचं, काकांची गाऱ्हाणी सांगतात. मी कधी विचारलं नाही.

ती सकाळ पावसाळा संपतानाची होती. आई आदल्या दिवशीच सिन्नरला बहिणीकडे गेली होती, बाबा पहिल्या पाळीला. मी सातला फळा लिहिला. त्या दिवशी मला फार छान ओळ सुचली होती. मोठ्या अक्षरांत, मधोमध: 'ट्रेसरसाहेब, जन्मभर दुसऱ्याचं गिरवलंत. आता तरी स्वतःचं काही लिहा.' दोन पावलं मागे होऊन बघितलं. ओळी सरळ आल्या होत्या. रस्त्यापलीकडे त्यांच्या फळ्यावर काहीतरी पांढरं दिसलं, पण मी शपथेप्रमाणे तोंड फिरवलं आणि कामाला गेले. मी तेव्हा एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. दिवसभर लोकांच्या चुका वाचायच्या, हे माझं काम.

दुपारी एकला जेवायला परतले तर माझ्या फळ्यासमोर रस्त्यावर हळदकुंकू सांडलेलं आणि शेवंतीच्या पाकळ्या.

गिरणीवाल्या भाऊंना विचारलं, "कोण गेलं?"

ते पिठाने माखलेले, पांढरेफटक, दारात उभे होते. "तुला नाही माहीत?"

"नाही."

"फळ्यावर लिहिलंय की."

त्यांनी रस्त्यापलीकडे हात केला. मी चार वर्षांनी तो रस्ता त्या फळ्यासाठी ओलांडला.

फळा पूर्ण पुसलेला होता. पिवळं नाही, गुलाबी नाही. मधोमध पांढऱ्या खडूने, तशीच फूटपट्टीवर बसवलेली दोन वाक्यं. 'आमची सौ. आज पहाटे गेली. निघणार सकाळी अकरा.' आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात नेहमीचा चौकोन आखलेला. त्यात लिहिलं होतं 'पाणी :' आणि पुढे जागा कोरी.

वेळ सांगणारी गेली होती.

भाऊंनी सगळं सांगितलं. पहाटे छातीत कळ आली, शेजाऱ्याने रिक्षातून दवाखान्यात नेलं, पोचायच्या आतच संपलं. काका सहा वाजता परत आले ते थेट फळ्यापाशी. फोन कुणाला केला नाही, दार कुणाचं वाजवलं नाही. मुलाला मात्र शेजाऱ्याने कळवलं. काका ओट्यावर बसून वाट बघत राहिले. शेजारी म्हणाला, चार घरी सांगून येतो. काका म्हणाले, "फळ्यावर लिहिलंय. येतील." साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. त्यांच्या गल्लीतले तेवढे आले. नऊ जण. ज्या चौकात अडीचशे माणूस जमायचं तिथे नऊ.

दुसऱ्या गल्ल्यांतल्या बायका घरातच होत्या. त्या काकूंचीच वाट बघत होत्या. आज पाण्याची वेळ सांगायला आल्या कशा नाहीत, म्हणून.

"आणि इथे?" मी हळदकुंकवाकडे बघत विचारलं.

"विसाव्याला इथेच ठेवतात ना कोपऱ्यावर," भाऊ म्हणाले. "खांदा बदलायला तिरडी खाली ठेवली, तुझ्या फळ्यासमोर. काकांनी वर बघितलं. वाचला तुझा फळा. पूर्ण."

मी विचारलं, "काही म्हणाले?"

भाऊंनी हात झटकले. "म्हणाले, पोरीचं अक्षर सुधारलंय."

मी माझा फळा हाताने पुसला. पदर नव्हता, फडकं नव्हतं. तळहात गुलाबी झाला आणि दोन दिवस निघाला नाही. त्या दुपारी साडेतीनला पाणी आलं. कुणाच्या बादल्या लावलेल्या नव्हत्या. अर्ध्या कॉलनीचे नळ उघडेच होते, ते मोरीत वाहून गेलं.

संध्याकाळी मी सायबर कॅफेत गेले. मुलाने सकाळीच गटावर लिहिलं होतं: आई गेली. मी पोचू शकत नाही. पहिल्या दोन मेल हळहळीच्या. तिसऱ्याने विचारलं, कोणत्या दवाखान्यात नेलं? चौथ्याने विचारलं, तिथे रात्री डॉक्टर का नसतो, कुणाच्या राज्यात हे झालं? पाचव्याने कुणाच्या ते सांगितलं. सहाव्याने तारखांसह ते खोडलं. साठाच्या वर मेल झाल्या होत्या. पिवळे आणि गुलाबी दोघेही जोरात होते, बहुतेक सगळे हजार मैलांवरून. आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी मुलाची एक छोटी मेल अडकली होती: "आमच्या घरी कुणी गेलं होतं का?"

तिला कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं. मी लिहायला बसले. नऊ जण, असं लिहिलं, पुसलं, आणि लिहिलं: मी गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी टाकीपाशी गेले. व्हॉल्व्हमनला पाण्याची वेळ विचारायची, आणि फळ्यावर लिहायची, एवढंच डोक्यात होतं. तर तिथे काका आधीच उभे. अंगात कालचाच सदरा.

व्हॉल्व्हमन सिन्नरकडचा. लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो काकांना विचारत होता, "काकू काल बी नाय आल्या, आज बी नाय?"

मी सांगितलं.

त्याने चावी खाली ठेवली. टोपी काढली. "मला कुनी सांगितलं बी नाय," म्हणाला. "रोज यायच्या. पाय सुजल्याले. मी म्हनायचो, काकू, कशाला दारोदार फिरता, फळ्यावर लिव्हा की. तर म्हनायच्या, फळे दोन हायेत रे, वाचनारं कोनी नाय. चार गल्ल्या फिरायच्या. लय जीव होता त्यांचा पान्यावर."

काकांनी विचारलं, "चार गल्ल्या?"

"दोन वर्सं झाली की. तुमाला ठावं नाय?"

काकांना ठाऊक नव्हतं. पिवळ्या चौकटीत देशाची रोजची नाडी तपासणाऱ्या माणसाला, आपली बायको सकाळी सात ते साडेआठ कुठे असते हे ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे होतं? त्या आमच्याच मागच्या दाराने यायच्या.

"आज साडेचार," व्हॉल्व्हमन म्हणाला.

परत येताना आम्ही दोघं रस्त्याच्या एकाच बाजूने चाललो.

गिरणीच्या कोपऱ्यावर काका म्हणाले, "साडेचार ना?"

"साडेचार."

"मी लिहितो."

"मी पण लिहिते."

"तू कशाला? माझा फळा आहे."

"तुमचा कोण वाचतं, काका?"

ते थांबले. "आणि तुझा?"

त्या दिवशी दोन्ही फळ्यांवर एकच मजकूर होता. 'पाणी दुपारी साडेचार.' मोठ्या अक्षरांत, सगळ्यात वर. त्यांच्या ओळी सरळ, माझ्या जरा तिरक्या. बाबा पाळी संपवून आले, दोन्ही वाचले आणि घरी न येता थेट काकांच्या ओट्यावर जाऊन बसले. काय बोलले ते मला माहीत नाही.

इथे थांबले असते तर काका सुधारले असं तुम्हाला वाटलं असतं. तसं काही झालं नाही. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी पाण्याच्या वेळेखाली पिवळी ओळ उमटली: पाणी वेळेवर न देणाऱ्यांना ओळखा. मी सोळाव्या दिवशी उत्तर दिलं. आम्ही दोघंही त्या दुखण्याचे जुने रोगी. एका मयताने ते बरं होणारं नव्हतं. पण मुलगा परत आल्यावर काका त्याच्याकडे पुण्याला राहायला गेले, तोवर पाण्याची वेळ दोन्ही फळ्यांवर पहिल्या ओळीत राहिली. आणि मी लिहून झालं की रस्ता ओलांडून त्यांचा फळा वाचायचे. ते माझा वाचायचे, आणि तिरक्या ओळींवर बोट ठेवायचे. मत दोघांचं इंचभरही हललं नाही.

आज तिथे त्यांच्या पत्र्यावर क्लासची जाहिरात आहे. माझं प्लायवुड भिजून फुगलं. दोन्ही बाजूंची माणसं आता घरात बसून पडद्यावर लिहितात, आणि मी त्यांच्यात आहे.

म्हणून एक विनंती. उद्या सकाळी तुमच्या कॉलनीच्या फळ्यावर, सोसायटीच्या पाटीवर, तुमच्या त्या ई-मेलच्या गटात, जिथे कुठे तुम्ही देश वाचवत असाल तिथे, आधी पाण्याची वेळ लिहा. माहीत नसेल तर जिला माहीत आहे तिला विचारा, आणि तिचे पाय कसे आहेत तेही विचारा. मग रस्ता ओलांडा आणि समोरच्याचा फळा वाचून या. मधला मजकूर पटणार नाही, तो राहू द्या. खालच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा.